एक्टोडर्म शिकताना या चुका टाळा: वहीतल्या आणि इन्क्युबेटरमधल्या

ठाण्याच्या नौपाड्यात मी बी.एस्सी. आणि नीटच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. भ्रूणविज्ञानाचा धडा आला, म्हणजे भ्रूणातल्या एक्टोडर्म (बाह्यस्तर), मेसोडर्म (मध्यस्तर) आणि एंडोडर्म (अंतःस्तर) या तीन जननस्तरांपैकी कोणापासून कोणता अवयव बनतो हा विषय निघाला, की दरवर्षी तीच उत्तरं कानावर येतात. त्वचा बाहेर, म्हणून एक्टोडर्म. आतडं आत, म्हणून एंडोडर्म. उरलेलं सगळं मेसोडर्म. मग मी विचारते, मेंदू कुठून आला? तिसऱ्या वर्षाची मुलंसुद्धा घुटमळतात आणि हळूच ‘मेसोडर्म’ म्हणतात, कारण मेंदू कवटीच्या आत असतो. बाह्यस्तर हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे आणि तोच सगळ्यात वाईट पद्धतीने पाठ केला जातो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आजची जागा बघून उगम ठरवणं

ही सगळ्या चुकांची आई. एखादा अवयव आज शरीरात कुठे आहे यावरून तो कोणत्या स्तरातून आला हे ठरत नाही. भ्रूण घडत असताना त्या पेशी कुठे होत्या आणि तिथून कुठे गेल्या, यावरून ठरतं.

कोंबडीचंच घ्या. सुरुवातीला वर एपिब्लास्ट नावाचा पेशींचा एक थर असतो. त्याच्या मधोमध प्रिमिटिव्ह स्ट्रीक नावाची रेषा तयार होते आणि त्या रेषेतून पेशी आत उतरतात. उतरलेल्यांपासून एंडोडर्म आणि मेसोडर्म बनतात. ज्या उतरल्या नाहीत, वरच राहिल्या, त्यांचं एक्टोडर्म. इथपर्यंत मुलांना समजतं. पुढची गोष्ट मात्र कोणी नीट बघतच नाही. या वर राहिलेल्या थराचा मधला पट्टा जाड होतो, ती न्यूरल प्लेट. तिच्या कडा (न्यूरल फोल्ड) उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, मिळतात, आणि तयार झालेली नळी वरच्या थरापासून सुटून आत जाते. तीच मेंदू आणि मेरुरज्जू. म्हणजे आज मेंदूच्या पोकळ्यांना जे अस्तर आहे, तो पृष्ठभाग एके काळी भ्रूणाच्या उघड्या बाजूला होता. हे ज्याला डोळ्यांसमोर दिसलं, तो मेंदूला मेसोडर्म म्हणूच शकत नाही.

यावर माझी सवय एकच आहे. वर्गात प्रत्येकाला निळी, लाल आणि पिवळी पेन्सिल लागते. बहुतेक पुस्तकांत एक्टोडर्म निळा, मेसोडर्म लाल, एंडोडर्म पिवळा असतो, तोच रिवाज आपण पाळायचा. मग चार आडवे छेद काढायचे: सपाट प्लेट, खोलगट घळ, बंद झालेली नळी आणि शेवटी नळीच्या माथ्यावरून निघालेल्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी. पुस्तक मिटून काढायचे. दर आठवड्याला काढायचे. मुलं कंटाळतात, ‘मॅडम, चित्र येतं आम्हाला’ म्हणतात. पण चित्र ओळखता येणं आणि कोऱ्या कागदावर काढता येणं यात फार अंतर आहे.

गेल्या काही वर्षांत मोबाईलवरच्या ‘ट्रिक’ने यात भर घातली आहे. वर्तकनगरहून येणारी एक अतिशय हुशार मुलगी होती. तिने एका व्हिडिओतून तिन्ही स्तरांच्या अवयवांची यमकात बांधलेली यादी पाठ केली होती आणि ती यादी एका दमात म्हणून दाखवायची. सराव व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी विचारली. तिने ताबडतोब मेसोडर्म सांगितलं. मी म्हटलं, अर्धं बरोबर. बाहेरचा कॉर्टेक्स मेसोडर्मचा, पण आतला मेड्युला न्यूरल क्रेस्टचा, म्हणजे मुळात एक्टोडर्मचा. मग दात विचारला. तिने एक्टोडर्म सांगितलं. वरचं एनॅमल हो, पण त्याखालचं डेंटिन न्यूरल क्रेस्टच्या पेशी बनवतात. पिट्युटरी? ‘मेंदूचा भाग, न्यूरल.’ मागचा भाग हो. पुढचा भाग तोंडाच्या छताकडून वर गेलेल्या राथकेच्या पिशवीतून येतो, म्हणजे एक्टोडर्मच, पण न्यूरल प्लेटचा नव्हे. एवढी मेहनत घेतलेली मुलगी रडवेली झाली. मला राग आला तो त्या यादीचा. यादीत अवयवाला एकच रकाना असतो. खऱ्या शरीरात एका अवयवात दोन-तीन उगम नांदतात.

तिला मी यादी बाजूला ठेवून एकच अवयव दिला: डोळा. भिंग वरच्या एक्टोडर्मपासून. नेत्रपटल मेंदूच्या नळीतून बाहेर आलेल्या फुगवट्यापासून. कॉर्नियाचं बाहेरचं आवरण वरच्या एक्टोडर्मचं, त्याखालचा जाड थर न्यूरल क्रेस्टचा. बाहुली लहानमोठी करणारे स्नायूसुद्धा न्यूरल एक्टोडर्मचे. स्नायू म्हटला की मेसोडर्म लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बुबुळ फिरवणारे बाहेरचे स्नायू मात्र मेसोडर्मचेच. एक डोळा नीट समजला की अर्धा एक्टोडर्म समजतो. घाई असणाऱ्यांना मी हाच एक अवयव सांगते, ट्रिक सांगत नाही.

न्यूरल क्रेस्टला तळटीप समजणं

चेहऱ्याची बहुतेक हाडं, त्वचेतल्या रंगपेशी, मज्जातंतूंभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशी, आतड्याच्या भिंतीतलं मज्जातंतूंचं जाळं, हे सगळं क्रेस्टचं. काही शास्त्रज्ञ त्याला चौथा जननस्तर म्हणतात, तेही उगाच नाही. हे कसं कळलं हेही वाचा. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की लाव्याच्या पेशींच्या केंद्रकात हेटरोक्रोमॅटिनचा (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचा) ठळक पुंजका असतो, कोंबडीच्या पेशीत तसा नसतो. मग लाव्याच्या भ्रूणाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाव्याच्या पेशी कुठवर पोचल्या ते शोधायचं. इतकी साधी, इतकी स्वच्छ कल्पना. व्हायवात हा प्रयोग सांगणारा विद्यार्थी मला कधीच विसरायला होत नाही.

दुकानातली अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवणं

आता प्रॅक्टिकलकडे. कोंबडीच्या भ्रूणाचं माउंटिंग, म्हणजे भ्रूण अंड्यातून काढून काचपट्टीवर बसवणं, हे अनेक कॉलेजांत असतं, आणि इथली पहिली चूक अजून संपलेली नाही.

नेरूळच्या दोन मुलांनी प्रोजेक्ट म्हणून न्यूरल नळी बंद होण्याचे टप्पे घ्यायचं ठरवलं. सोसायटीखालच्या दुकानातून ट्रेभर पांढरी अंडी आणली. ३८ अंशांवर ठेवली. दीड दिवसाने फोडली, काही नाही. त्यांना वाटलं थर्मोस्टॅट बिघडला. नवा थर्मामीटर आणला. पुन्हा ट्रे. काही नाही. मग ओलावा कमी पडतोय म्हणून पाण्याची वाटी ठेवली, मग दोन वाट्या. रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघायचे. बलकावरचा बारीक पांढरा ठिपका दिसला की ‘भ्रूण सुरू झाला’ अशी नोंद वहीत व्हायची. ते माझ्याकडे आले तेव्हा सबमिशन तोंडावर आलं होतं आणि त्यांनी यंत्राचा स्क्रू न् स्क्रू तपासला होता. अंडं कुठून आलं, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडला नव्हता.

कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. खाण्याच्या अंड्यांच्या फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत. त्या अंड्यांत फलन झालेलंच नसतं, मग जगातला कोणताही इन्क्युबेटर त्यातून भ्रूण काढू शकत नाही. फलित अंड्यात, ते घातलं जातं त्या वेळीच, हजारो पेशींची चकती तयार असते. मधला भाग पारदर्शक, भोवती पांढरं कडं. अफलित अंड्यातला ठिपका लहान, घट्ट आणि ओबडधोबड कडांचा. ताज्या अंड्याला टॉर्च लावून हा फरक कळत नाही. म्हणून मी आणलेल्या प्रत्येक खेपेतलं एक अंडं आधी फोडून बघते, मगच बाकीची ठेवते. एक अंडं वाया गेलं तरी चालेल, आठवडा वाया जाऊ नये.

‘गावठी’ म्हणून मिळणारी सगळी अंडी फलित असतात असंही नाही. कळपात कोंबडा आहे का, हे विक्रेत्याला सरळ विचारा. हॅचरीची, उबवणीसाठीची अंडी मिळाली तर सर्वांत उत्तम.

घड्याळावर विश्वास ठेवणं

‘मॅडम, ३३ तास झाले, पण दहा सोमाइट दिसत नाहीत.’ (सोमाइट म्हणजे न्यूरल नळीच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने दिसणारे मेसोडर्मचे ठोकळे.) नसतीलच. इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर अंडं आतपर्यंत तापायला काही तास जातात. उलटही होतं. साधारण २० ते २४ अंशांच्या खाली भ्रूणाची वाढ थांबलेली असते. ठाण्याच्या मे महिन्यात खोली रात्रीसुद्धा २५ च्या खाली येत नाही. शहापूरहून लोकलने आणलेली अंडी दोन दिवस टेबलावर पडली, तर वाढ अर्धवट सुरू होते, आणि अशा कोमट तापमानात ती बिघडतेही. १५ ते १८ अंशांची गार जागा शोधा, तिथे रुंद टोक वर करून रात्रभर स्थिरावू द्या, मग उबवायला ठेवा.

वय तासांत लिहू नका, दिसेल ते लिहा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे मांडले ते याचसाठी. चार जोड्या सोमाइट म्हणजे टप्पा ८. इथे न्यूरल फोल्ड मध्यमेंदूच्या पातळीवर एकमेकांना भिडतात. दहा जोड्या म्हणजे टप्पा १०. सोमाइट मोजा, मग लेबल लावा.

आवरण ओरबाडणं

अधीर मुलांची ही खास चूक. एक्टोडर्मची बाजू बलकाच्या आवरणाला लागून, वर तोंड करून असते. ब्लास्टोडर्मची, म्हणजे भ्रूणाच्या पेशींच्या चकतीची, कड त्या आवरणाला चिकटूनच पसरत जाते. चिमट्याने दुधावरच्या सायीसारखं खेचलंत, तर फाटतो तो नेमका आपल्याला बघायचा थर. अंडं अर्धा तास आडवं ठेवा म्हणजे चकती वर येईल. मग गाळणकागदाची कडी तिच्यावर टेकवा, ती चिकटू द्या, कडीच्या बाहेरून कात्रीने गोल कापा आणि कडीसकट तिरकं उचला. धुवायला कोमट सलाइनच, मीठ साधारण ०.७ टक्के. डिस्टिल्ड पाण्यात पेशी फुगतात आणि नाजूक फोल्डची वाट लागते.

आणि कुठली बाजू वर आहे ते त्याच क्षणी वहीत लिहा. टप्पा १० च्या आसपास हृदय भ्रूणाच्या उजवीकडे झुकतं. डोकं वर धरून बघताना ते तुमच्या डावीकडे दिसलं, तर तुम्ही पोटाच्या बाजूने बघताय.

बाकीच्या चुका

पूर्ण त्वचा एक्टोडर्मची लिहू नका. एपिडर्मिस एक्टोडर्मची, डर्मिस मुख्यतः मेसोडर्मची.

केस एक्टोडर्मचा, पण तो उभा करणारा स्नायू मेसोडर्मचा.

मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी मेंदूत राहतात, तरी त्या मेसोडर्मच्या.

‘एक्टोडर्मला मज्जापेशी (न्यूरॉन) बनण्याचा हुकूम मिळतो’ असं लिहिणाऱ्यांनी बीएमपी या संदेश देणाऱ्या प्रथिनाबद्दल वाचावं. बेडकाच्या भ्रूणात बीएमपी एक्टोडर्मला त्वचेकडे ढकलतं. नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं ते अडवतात, तेव्हा न्यूरल ऊती उरते. कोंबडीत नुसतं अडवून भागत नाही, एफजीएफ हा आणखी एक प्रथिन-संदेशही लागतो. ऑर्गनायझरच्या, म्हणजे शेजारच्या ऊतीला न्यूरल बनवणाऱ्या भ्रूणाच्या तुकड्याच्या, १९२४ च्या प्रयोगाचं श्रेय देताना स्पेमानबरोबर हिल्डे मँगोल्डचं नाव लिहा. प्रत्यारोपणं तिने केली होती, आणि त्याच वर्षी ती गेली.

न्यूरल नळीचा माणसाशी संबंध नाही असं समजू नका. माणसात ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते, अनेकदा बाईला दिवस गेल्याचं नुकतंच कळतं तोवर. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी हे घरी वहिनीला, ताईला सांगावं असा माझा आग्रह असतो.

हायड्रा या गोड्या पाण्यातल्या साध्या प्राण्याला एक्टोडर्म नसतो असं लिहू नका. मेसोडर्म नसतो, बाहेरचा थर एक्टोडर्मचाच आहे.