गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाचे चरित्र कागदपत्रांतून कसे वाचावे

अठराव्या शतकातील गुलामांच्या व्यापाऱ्याचे चरित्र अभ्यासताना मोठी अडचण ही असते की, त्याच्याविषयीचे बहुतेक कागद त्याने, त्याच्या भागीदारांनी किंवा नातेवाइकांनीच लिहिलेले असतात. म्हणून घराण्याच्या आठवणी बाजूला ठेवून सुरुवात कायद्यांपासून करावी. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या ब्रिस्टल बंदरातील जेम्स डिवुल्फ (१७६४–१८३७) याचे उदाहरण घेऊ. हा आधी कप्तान होता, पुढे जहाजांचा मालक झाला आणि अखेर सेनेटचा सदस्यही झाला. ऱ्होड आयलंडने आपल्या रहिवाशांना हा व्यापार १७८७ मध्येच मना केला होता. १७९४ च्या संघीय कायद्याने अमेरिकी जहाजांतून परदेशी बंदरांत गुलाम नेण्यास बंदी घातली, तर १ जानेवारी १८०८ पासून देशात गुलाम आणणेही बेकायदा ठरले. या तारखांशेजारी त्याच्या जहाजांच्या फेऱ्या मांडल्या की ‘त्या काळी सगळेच असे करत’ हा बचाव उरत नाही.

त्यानंतर न्यायालयाचे कागद पाहावेत, कारण खलाशाचे बोलणे बहुधा तेथेच उतरवलेले सापडते. ‘पॉली’ जहाजावर एका आफ्रिकी स्त्रीला देवी आल्या, तेव्हा तिला आधी डोलकाठीवरच्या माचावर वेगळे ठेवले होते. पुढे कप्तान डिवुल्फने तिला खुर्चीला बांधून, डोळे व तोंड फडक्याने झाकून समुद्रात सोडले. जॉन क्रॅन्स्टन या खलाशाने १७९१ मध्ये ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या ग्रँड ज्यूरीपुढे (आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) ही हकिगत सांगितली. इतकी चांगली खुर्ची गेल्याचेच कप्तानाला वाईट वाटले, असेही त्याने नोंदवले. खुनाचा आरोप ठेवला गेला, पण डिवुल्फ देशाबाहेर निघून गेला आणि १७९५ मध्ये कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावरील न्यायाधीशाने त्याला निर्दोष ठरवले. हा निकाल वाचताना साक्ष कोणी, कोठे आणि आरोपीच्या सोयीने दिली का, हे तपासलेच पाहिजे. त्या स्त्रीचे नाव कागदात नाही. तरीही चरित्राच्या कालपटात तिची स्वतंत्र नोंद करावी, कप्तानाच्या ‘अडचणी’ या सदरात तिला ढकलू नये.

जकातीची दप्तरे तितक्याच काळजीने वाचावीत. १७९९ मध्ये जेम्सचा भाऊ चार्ल्स याचे ‘लूसी’ हे जहाज सरकारने जप्त केले. लिलावाच्या दिवशी सरकारतर्फे बोली लावणाऱ्या अधिकाऱ्याला पळवून नेण्यात आले आणि जहाज अवघ्या १० डॉलरला डिवुल्फ कुटुंबाकडेच परत गेले. १८०४ मध्ये ब्रिस्टलचा जकात अधिकारी म्हणून चार्ल्स कॉलिन्स नेमला गेला, तो जेम्सचा मेहुणा. त्यानंतर एकट्या ब्रिस्टलच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही, त्या दुसऱ्या बंदरांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात.

व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांत रम, काकवी, साखर आणि माणसे एकाच शाईत उतरतात. रम आफ्रिकेला जाई, तेथून माणसे क्यूबाला, आणि क्यूबाची काकवी रम गाळण्यासाठी पुन्हा न्यू इंग्लंडच्या (ऱ्होड आयलंड ज्यात येते त्या ईशान्य अमेरिकेतील प्रदेशाच्या) भट्ट्यांत येई. डिवुल्फचे स्वतःचे मळेही क्यूबात होते. तेव्हा ‘माल’ हा शब्द आला की त्यामागे पिंपे आहेत की माणसे, हे दर वेळी ठरवावे.

शेवटी फेऱ्यांच्या संगणकीय सूचीत चढवलेल्या आणि उतरवलेल्या माणसांचे आकडे पाहावेत. दोहोंतील फरक म्हणजे बहुतांशी वाटेतले मृत्यू. मात्र या सूचीत काही आकडे मूळ कागदांतले आणि काही अंदाजाने काढलेले असतात. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नयेत.