गडग्यावर जाळी चढवताना वरचा वासा गाळा

लवकर पिकणारं हळवं भात घरात आलं, उशिराचं गरवं अजून उभं आहे, आणि परड्यात माठ-मुळ्याचे वाफे नुकते हिरवे दिसायला लागलेत. कोकणात कोंबड्यांवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाजतं ते याच दिवसांत. पावसाळाभर पडवीत अंग चोरून बसलेल्या कोंबड्या ऊन पडलं की बाहेर निघतात, आणि उकरायला ताज्या वाफ्याइतकी भुसभुशीत जागा त्यांना दुसरी कुठली मिळणार? शिवाय खळ्यात भात वाळत घातलेलं असतंच. गडग्याची, म्हणजे परड्याभोवतीच्या दगडी कुंपणाची, उंची वाढवायचं काम म्हणून दिवाळीच्या आत उरकून टाका. जमिनीत ओल आहे तोवर पहार सहज जाते. डिसेंबरात जांभ्याच्या त्याच जमिनीत खड्डा काढताना घाम फुटतो.

किती उंच करायचं हे कोंबडीच्या अंगावर ठरतं. गिरिराज, वनराज ही जड कोंबडी चार फुटांना सहसा थांबते. आपली गावठी आणि कडकनाथ अंगानं हलकी, त्यांना सहा फूट धरा. अंड्यावर न आलेल्या तलंगा असतील तर सातला पर्याय नाही.

पण नुसत्या उंचीनं भागत नाही. कोंबडी कुंपण ओलांडते कशी, ते एकदा निवांत बघा. ती एका उडीत पलीकडे जात नाही. आधी मान तिरपी करून वर बघते, पाय टेकायला जागा हेरते, पंख फडफडवून तिथे जाऊन बसते, आणि मग पलीकडचं सगळं नीट न्याहाळून खाली उतरते. वर बसायला जागाच दिसली नाही, तर बहुतेक कोंबड्या उडीचा विचारही करत नाहीत.

मला हे उशिरा कळलं. मी गडग्यावर तीन फूट जाळी चढवली आणि दिसायला बरं म्हणून वरून माणग्याचा, म्हणजे बांबूचा, आडवा वासा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कोंबड्या त्या वाशावर ओळीनं बसलेल्या, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. वासा काढला, जाळीची वरची कड ढिली पडली, थोडी आत झुकली. दिसायला वेंधळं दिसतं, पण त्या दिवसापासून वर कोणी बसलेलं नाही. जाळी वर ताठ राहावी असं वाटत असेल तर बारीक तार ओवा. लाकूड, पाइप, बांबू यांतलं काही वर आडवं घालू नका.

दुसरी चूक गडग्याच्या माथ्याची. जांभ्याच्या गडग्याचा माथा दीड-दोन फूट रुंद असतो. जाळी बाहेरच्या कडेला लावली तर कोंबडी आधी माथ्यावर चढते, आणि मग तुमची तीन फूट जाळी तिच्यासाठी तीन फूटच उरते. जाळी आतल्या अंगाला, जमिनीपासून उभी करा. उंची नेहमी कोंबडी जिथे उभी राहू शकते तिथून मोजायची. त्याच हिशेबानं कुंपणालगतचं पेंढ्याचं उडवं, लाकडांची रास, उलटी ठेवलेली घमेली हलवा. गिरिपुष्पाच्या मेढी (खांब) लावल्या असतील तर पावसात त्यांना फुटलेल्या आडव्या फांद्या छाटा, नाहीतर ती आयती शिडी होते.

जुने खांब मजबूत असतील तर नवे खड्डे काढू नका. त्यांनाच माणग्याच्या काठ्या जोडा. जोड निदान दोन फुटांचा हवा आणि बायंडिंग तारेनं दोन ठिकाणी आवळलेला. एकाच ठिकाणी बांधलेली काठी वाऱ्यानं फिरते. खांबांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. नवी मेढ पुरायचीच असेल तर जमिनीत जाणारं टोक विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून घ्या किंवा डांबर लावा.

खालचे दोन-तीन फूट बारीक भोकाची तारेची जाळी, वर मासेमारीचं जुनं जाळं, ही जोडी किनारपट्टीत स्वस्तात जमते. नायलॉनचं जाळं जमिनीपर्यंत मात्र सोडू नका, धामणी त्यात अडकून मरतात आणि उंदरांना रान मोकळं होतं. शेडनेट मी टाळतो. वारा धरून ते खांबच कलंडवतं.

उंचीनं मुंगूस अडत नाही. ते खालून येतं. तारेची जाळी वीतभर जमिनीत पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला हातभर आडवी पसरून वर दगड ठेवा.

पंख कापण्याचा उपाय बरेच जण सांगतात. एकाच बाजूच्या पंखाची टोकाकडची दहा मोठी पिसं कात्रीनं कापायची, म्हणजे तोल जातो. दोन्ही बाजूंची कापली तर तोल पुन्हा सारखा होतो. बुडाशी निळसर दिसणारं कोवळं पीस कापू नका, त्यात रक्त असतं. पिसं झडून नवी आली की काम पुन्हा करावं लागतं. कुत्रा मागे लागला तर पंख कापलेल्या कोंबडीला झाडावर जाता येत नाही, त्यामुळे सगळ्या थव्याचे पंख कापणं मला पटत नाही. एखादी मुलखाची उनाड असेल तर तिचेच कापा.

कोंबडी बाहेर का जाते, तेही बघायला हवं. दाटी, दहा कोंबड्यांत तीन कोंबडे, अंडी घालायला आडोसा नाही, अशी कारणं निघतात. खुराड्यातली बसायची दांडी जमिनीलगत असेल तर त्या संध्याकाळी उंच जागा शोधत आंब्यावर जातात, आणि आंब्यावरून सकाळी कुठे उतरायचं ते त्यांच्या मर्जीवर. दांडी अडीच-तीन फुटांवर घ्या. तिन्हीसांजेला मूठभर कणी खुराड्यातच टाका.

जाळी झाली की आठ दिवस रोज संध्याकाळी मोजणी करा. एखादी बाहेर सापडली तर लगेच कुंपणाची डागडुजी करत बसू नका. तिला आत सोडा, पडवीत चहा घेऊन बसा आणि ती पुन्हा कुठून जाते ते बघा.