रणगाड्यावरचे सामान: १/३५ प्रमाणातील ॲक्सेसरी संच कसे बसवावेत

प्लास्टिकचा रणगाडा किंवा तोफ जोडून झाली की तिच्यावर व तिच्याभोवती मांडायच्या सामानाचे वेगळे संच घेता येतात. इंधनाचे कॅन, दारूगोळ्याच्या पेट्या, पिंपे, सैनिकांच्या पिशव्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या असे बरेच काही त्यांत असते. हे सामान नीट बसले तर गाडी मोहिमेवर निघालेली दिसते; नाहीतर उत्तम रंगवलेला रणगाडाही खेळण्यासारखा वाटतो. माझ्या मते सारा फरक दोन गोष्टींनी पडतो: प्रत्येक वस्तूला वजन आहे असे दिसले पाहिजे आणि ती कशाने तरी बांधलेली, अडकवलेली किंवा टेकवलेली असली पाहिजे.

संच घेताना आधी प्रमाण तपासावे. २० लिटरचा कॅन प्रत्यक्षात सुमारे ४७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे १/३५ प्रमाणात तो १३ मिलिमीटरच्या आसपास भरतो, तर १/४८ मध्ये जेमतेम १० मिलिमीटर. त्यामुळे दोन प्रमाणांचे सामान एकत्र ठेवले की ते लगेच डोळ्यांत खुपते. त्यानंतर देश आणि काळ पाहावा. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन कॅनला वर तीन मुठी आणि खटक्याचे झाकण असते, तर अमेरिकी कॅनचे झाकण फिरवून बसवायचे असते. उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश सैन्य सुरुवातीला पातळ पत्र्याचे, सहज गळणारे चौकोनी डबे वापरत असे. जर्मन कॅनवर पांढरा क्रॉस असेल तर तो पाण्याचा, हे रंगवताना ध्यानात ठेवावे.

तोफेच्या संचात एक चूक फार वेळा दिसते. भारतीय तोफखान्यानेही दीर्घकाळ वापरलेल्या २५ पौंडी तोफेत गोळा आणि पितळी काडतूस वेगवेगळे भरले जात, आधी गोळा आणि मागाहून काडतूस. म्हणून संचातील हे दोन भाग बंदुकीच्या काडतुसाप्रमाणे एकमेकांना चिकटवू नयेत. तोफेमागे गोळे एका बाजूला, काडतुसे दुसऱ्या बाजूला आणि रिकामी पितळी नळकांडी थोडी दूर टाकलेली, अशी मांडणी करावी. टी-५५ रणगाड्याच्या १०० मिलिमीटर तोफेचा गोळा मात्र काडतुसाला जोडलेलाच असतो. टी-५५ च्या मागची दोन २०० लिटरची पिंपे आणि चिखलातून निघण्यासाठी बांधलेला ओंडका हे सामान नगरच्या रणगाडा संग्रहालयासारख्या ठिकाणी खऱ्या वाहनांभोवती फिरून पाहिलेले असले की पट्टे नेमके कुठे आवळायचे हे आपोआप कळते.

जोडणी करताना स्प्रूपासून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, भाग कटरने किंचित लांब कापावा आणि उरलेले टोक पॉलिश पेपरने घासून काढावे. पिशव्या-पेट्यांवरची साच्याची रेघ न चुकता काढावी. जर्मन कॅनची दोन अर्धुके जिथे जुळतात तिथे मात्र खऱ्या कॅनलाही खोलगट जोड असतो, तो पुटीने बुजवू नये. प्लास्टिकला मॉडेलचा पातळ सिमेंट गोंद लावावा. काही संचांत येणारे रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) आणि पितळी पत्र्याचे भाग त्याने चिकटत नाहीत, त्यांना सुपरग्लू लागतो. रेझिन आधी साबणाने धुवावे आणि ओले करून, मास्क लावूनच घासावे.

कोकणात हे काम करायचे तर तिथल्या दमट, खाऱ्या हवेचा विचार करावाच लागतो. सुपरग्लू दमट हवेत भराभर धरतो आणि भोवती पांढरी बुरशीसारखी छटा सोडतो, म्हणून तो सुईच्या टोकाने अगदी थोडा लावावा. लॅकर रंगाचा थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग धुरकट पांढरा पडतो. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये फवारणी उघडीप असलेल्या दुपारीच करावी किंवा हळू उडणारा थिनर वापरावा. पितळी पत्रे खाऱ्या वाऱ्याने काळवंडतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावेत आणि प्रायमरपूर्वी हलकेच घासावेत.

वजन दाखवण्याचे काम सर्वांत कौशल्याचे आहे. संचातील प्लास्टिकची पिशवी तळाशी सपाट असते आणि इंजिनाच्या जाळीवर ठेवली की खाली फट दिसते. ती फट कानशीने घासून किंवा पुटी भरून घालवावी. ताडपत्री मी संचातली न घेता हार्डवेअरच्या दुकानातील एम-सीलची करतो. दोन्ही भाग एकजीव मळून, टाल्कम पावडर शिंपडलेल्या काचेवर ते पातळ लाटावे, आयत कापून गुंडाळी करावी, आणि घट्ट होण्याच्या आत ती जागेवर ठेवून दोरा आवळावा. दोरा रुतला की दोन्हीकडे फुगवटे येतात आणि गुंडाळी जड दिसू लागते. दोऱ्याचे तंतू उभे राहू नयेत म्हणून तो आधी पाणी घातलेल्या फेविकॉलमधून ओढावा. लपवणुकीच्या जाळीसाठी औषधाच्या दुकानातली गॉज पट्टी त्याच पाण्यात भिजवून पसरावी.

धुळीसाठी जांभ्याची वस्त्रगाळ पूड सुंदर लागते, पण ती तांबड्या मातीच्या प्रदेशातील देखाव्यालाच शोभते; लिबियाच्या वाळवंटातल्या गाडीवर ती नको. किनाऱ्यावरची वाळू वापरायची तर गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवावी, कारण राहिलेले मीठ ओल धरते आणि रंगाखालून पांढरे डाग वर येतात. शिंपल्यांचे तुकडे तर वेचून काढावेतच: ३ मिलिमीटरचा तुकडा या प्रमाणात दहा सेंटिमीटरांहून मोठा होतो. जिथे सैनिकांचे हात-पाय लागतात, म्हणजे कॅनच्या मुठी आणि पेट्यांच्या कडा, तिथली धूळ ओल्या ब्रशने पुसून शेवटी शिसपेन्सिलीची चमक द्यावी.