'अनकेम्प्ट' म्हणजे अस्वच्छ नव्हे

'अनकेम्प्ट' हे इंग्रजी विशेषण दिसलं की बरेच जण 'अस्वच्छ' असा अर्थ लावून मोकळे होतात. तसं नाही. जुन्या इंग्रजीत केस विंचरणं या अर्थाचं क्रियापद होतं, त्यातून हा शब्द आला. म्हणजे मुळात 'न विंचरलेला'. आजही तो जास्त करून केस, दाढी, एकूण अवतार यांनाच शोभतो. 'हिज बिअर्ड वॉज अनकेम्प्ट' म्हणजे दाढी वाढून पिंजारलेली. नुकतीच अंघोळ करून आलेला माणूसही अनकेम्प्ट दिसू शकतो! रान माजलेल्या बागेलाही शब्द चालतो: 'ॲन अनकेम्प्ट गार्डन'. कपड्यांचे ढीग पडलेल्या खोलीला मात्र 'मेसी' किंवा 'अनटायडी' म्हणा, आणि कसंबसं उरकलेल्या कामाला 'स्लॉपी'.

वाऱ्याने तेवढ्यापुरते विस्कटलेल्या केसांसाठी 'डिशेव्हल्ड' अधिक नेमका, कारण अनकेम्प्टमध्ये हेळसांड गृहीत असते. म्हणूनच कुणाच्या तोंडावर वापरताना जपून. 'काय अवतार केलायस हा!' मधली माया त्यात नाही. उच्चारताना जोर 'केम्प्ट'वर द्या, 'प' जवळजवळ गिळला तरी चालतो.