रव्याचं धिरडं तव्याला चिकटतंय? हे करून बघा
सकाळी घाईत रव्याची धिरडी करायची असतील तर आधी रवा भिजवा आणि मगच चहा ठेवा, कारण सगळी गोम त्या भिजण्यातच आहे. १ वाटी बारीक रवा, अर्धी वाटी आंबट ताक, २ चमचे तांदळाचं पीठ, मीठ, जिरं, मिरची, कोथिंबीर, थोडं पाणी, झालं. २० मिनिटांनी बघाल तर पीठ घट्ट गोळ्यासारखं झालेलं असतं, रवा सगळं पाणी पिऊन टाकतो ना, मग परत पाणी घालून पळीवरून सहज ओघळेल इतकं सैल करा. बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग धिरडं जाड, मधे कच्चट राहतं. कांदा घालायचा तर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

बिडाचा तवा असेल तर फारच छान. चांगला तापवून अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, चर्र आवाज आला की पीठ घालून पसरायचं, कडेने तेल सोडून झाकण ठेवायचं. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं अजिबात लावू नका, प्लीज! आणि दरवेळी पीठ तळापासून ढवळून घ्या, रवा खाली बसतो. सोबत लोण्याचा गोळा नाहीतर लसणाची चटणी.