ऐन वेळी माती का होते? लहानपणी मनात बसलेला अपराधीपणा शोधायचा आणि सोडायचा कसा

प्रमोशनचा मेल येतो आणि त्याच आठवड्यात बॉसशी कडाक्याचं भांडण होतं. लग्न ठरतं, सगळं छान चाललेलं असतं आणि आपणच कसलं तरी खुसपट काढून ते मोडायला निघतो. एमपीएससीची मेन्स निघते आणि इंटरव्ह्यूच्या आधीचा महिनाभर माणूस पुस्तकाला हात लावत नाही. घरचे म्हणतात आळशी आहे, मित्र म्हणतात नशीब खराब, आणि ज्याचं होतंय तो स्वतःलाच शिव्या घालत बसतो. पण यातल्या बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम आळसाचा नसतोच हो. लहानपणी कधीतरी "माझ्यामुळे घरच्यांचं वाटोळं झालं" असं मनात बसलेलं असतं, मोठेपणी ते आठवत पण नाही, पण जरा काही चांगलं व्हायला लागलं की आतून आवाज येतो, तुला कुठला अधिकार? आणि मग आपल्याच हाताने आपण ते चांगलं घालवून मोकळे होतो.

हे आज कोणी नवीन शोधलेलं नाहीये. मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या फ्रॉइडने १९१६ मध्येच लिहून ठेवलंय की काही माणसं अपयशाने नाही, मनासारखं यश मिळाल्यावर कोलमडतात. पुढे अमेरिकेत विल्यम नीडरलँड हे मानसोपचारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांवर काम करत होते, त्यांना दिसलं की "बाकीचे गेले आणि मी का राहिलो" हा विचार या लोकांना वर्षानुवर्षं पोखरत होता. आणि सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविश्लेषक जोसेफ वाइस यांनी दाखवून दिलं की असा अपराधीपणा साध्या, चारचौघांसारख्या घरात वाढलेल्यांनाही असतो. मूल आईबापावर इतकं अवलंबून असतं की घरात काही बिघडलं तर "यांचं चुकतंय" यापेक्षा "माझं चुकलं" हे त्याला सोपं वाटतं. त्यात मुलांची विचार करण्याची पद्धत अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेली गोष्ट धरा, साधारण दोन ते सात या वयात मूल प्रत्येक गोष्ट स्वतःशी जोडून बघतं, मी रागावलो म्हणून आजी आजारी पडली असं त्याला खरंच वाटतं.

आणि आपल्याकडे घरात बोललं काय जातं ते आठवून बघा. "तू झालास आणि ह्यांची नोकरी गेली." "तुमच्याकडे बघून राहिले या घरात, नाहीतर कधीच गेले असते." "पांढऱ्या पायाची." बोलणारी माणसं वाईट असतात असं नाही, बहुतेक वेळा ती स्वतः पिचलेली असतात, पण पाच वर्षांच्या पोराला ते कसं कळणार? सातारा जिल्ह्यात तर कितीतरी मुलींची नावंच नकोशी, नकुसा अशी ठेवलेली होती, २०११ मध्ये तिथे अडीचशेपेक्षा जास्त मुलींना नवीन नावं दिली गेली. कागदावर नाव बदललं ते फार बरं झालं, पण शाळेत हजेरी घेताना रोज "नकोशी" ऐकत जी मोठी झाली, तिच्या मनातलं नाव बदलायला वेगळी मेहनत लागते. ती मेहनत कशी करायची, त्याबद्दलच लिहितोय.

नुसतं वरवर नको म्हणून एक उदाहरण नीट घेऊ. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार त्यात होते, आणि लालबाग-परळच्या चाळींमध्ये त्या काळात असं कितीतरी घरांत झालं की थोरल्याने शाळा सोडली, कुठे भाजीच्या गाडीवर, कुठे वर्कशॉपमध्ये लागला, आणि धाकट्याचं शिक्षण चालू राहिलं. समजा तो धाकटा आज पन्नाशीत आहे, इंजिनियर झाला, स्वतःचं छोटं युनिट काढलं. पण धंदा जरा वर आला की हा कुठल्या तरी फालतू माणसाला उधारीवर माल देतो, पैसे बुडवून घेतो आणि परत तिथल्या तिथे. फ्लॅट घेतलाय पण घरात धड सोफा नाही. दादाकडे गेला की स्वतःच्या घराचं, गाडीचं काही बोलतच नाही, उलट आपली रडगाणीच सांगतो. त्याला विचारा, तो म्हणेल मला धंद्यातलं कळत नाही. कळतं सगळं. दादाच्या पुढे जायचं नाही हा त्याने वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे, आणि गंमत म्हणजे दादाने तो कधीच घातला नव्हता.

आता करायचं काय. पहिलं काम, एक साधी वही घ्या आणि मागच्या काही वर्षांत जिथे जिथे सगळं बिघडलं ते लिहा, पण बिघडण्यापासून सुरुवात करू नका, त्याच्या जरा आधी काय चांगलं झालं होतं ते आधी लिहा. डाव्या बाजूला चांगली बातमी, उजव्या बाजूला त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मी काय केलं. उशिरा गेलो, फोन उचलला नाही, दारू वाढली, बायकोशी भांडलो, आजारी पडलो, कोणाला तरी भलतेच पैसे दिले. दोन-चार नोंदींमध्येच लक्षात येतं की हे आपोआप होत नाहीये. नुसतं अपयशाकडे बघितलं तर हे कधीच दिसत नाही.

दुसरं, आपल्यावरचा आरोप एका वाक्यात लिहायचा: "माझ्यामुळे अमक्याचं अमुक झालं." इथे लोक अडकतात, कारण आठवतच नाही. मग असं विचारा स्वतःला: माझं कोणापेक्षा चांगलं चाललंय हे सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं? घरातली भांडणं झाली की माझं नाव कशावरून निघायचं? मी सुखात आहे हे कोणाला कळू नये असं वाटतं? गळा दाटून येतो ते वाक्य साधारण बरोबर असतं, सुबक नसलं तरी चालेल, "मी झाले म्हणून आईचं शिक्षण सुटलं" एवढं पुरे.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते लोक टाळतात, ते म्हणजे चौकशी. आरोप आहे ना, मग तारखा बघा, वय बघा. तेव्हा मी किती वर्षांचा होतो? त्या वयाचं एखादं पोर आज शेजारी, नात्यात असेल तर त्याच्याकडे पाच मिनिटं बघा, ज्याला स्वतःच्या बुटाची लेस बांधता येत नाही तो बापाची दारू सोडवू शकला असता का? घरात मोठी माणसं कोण कोण होती, त्यांनी काय केलं? आणि शक्य असेल तर मावशीला, आत्याला, चुलत भावाला विचारा, पण थेट "माझ्यामुळे झालं का गं" असं नको, नाहीतर ती लगेच "नाही रे बाळा" म्हणून विषय संपवेल. साधं विचारा, "मावशी, बाबा प्यायला कधीपासून लागले गं?" आणि मग कळतं की लग्नाच्या आधीपासूनच होतं ते. चाळीस वर्षं जी बाई "माझ्या जन्मानंतर सुरू झालं" हे घेऊन फिरत असते तिच्यासाठी एवढी एक तारीख फार मोठी असते.

यानंतर जबाबदारीची वाटणी करा, समुपदेशनात हे नेहमी करून घेतात. कागदावर एक मोठा गोल काढा आणि त्या घटनेला जे जे कारणीभूत होतं त्याला भाकरीच्या तुकड्यासारखा वाटा द्या: गिरणी मालक, संप, सरकार, बाबांचा स्वभाव, आजोबांचा हट्ट, पैशाची चणचण, आजारपण. स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी काढायचा, ही अट मोडू नका, कारण आधी स्वतःचा काढलात तर अख्खा गोल तुमच्याच नावावर जाईल. शेवटी बऱ्याचदा तुमच्यासाठी जागाच उरत नाही. आणि उरली, म्हणजे खरंच आपण धाकट्या बहिणीला मारायचो किंवा आईचे पैसे चोरले होते, तर तो खरा अपराध आहे, त्याची माफी मागायची, भरपाई करता येत असेल तर करायची आणि थांबायचं. खऱ्या चुकीला शेवट असतो. जी चूक झालीच नाही तिची शिक्षा मात्र माणूस जन्मभर भोगत राहतो, म्हणून ही दोन वेगळी करणं एवढं गरजेचं आहे.

लिहिण्याचा अजून एक प्रकार आहे, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये ज्यावर अभ्यास केला होता. चार दिवस लागोपाठ, रोज पंधरा मिनिटं, मनात सलणाऱ्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, हवं तर नंतर फाडून टाका. लिहिल्यावर थोडा वेळ मन जड होतं, ते होणारच, म्हणून रात्री झोपायच्या आधी नको, सकाळी किंवा संध्याकाळी करा. पण लहानपणी मारहाण, लैंगिक छळ असं काही झालेलं असेल तर हे एकट्याने करू नका, खरंच नका, त्यासाठी सोबत तज्ज्ञ माणूस हवा.

हे सगळं झालं तरी नुसतं समजून काही बदलत नाही हे पण सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत (आरईबीटी) आहे, जी कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत पोचवली, तिच्यातही हेच आहे की विचार बदलला तर त्याप्रमाणे वागून बघायचं. म्हणून जुना नियम छोट्या डोसमध्ये मोडायचा. ठेवणीतली साडी साध्या बुधवारी नेसा. दादाला फोन करून सांगा की यंदा ऑर्डर चांगल्या आल्या आणि त्यापुढे रडगाणं जोडू नका. कोणी "छान केलंस" म्हटलं तर "कसलं काय" न म्हणता "थँक यू" म्हणा. पोटात गोळा येईल, काहीतरी वाईट होणार असं वाटेल, दोन दिवस वाटेल आणि मग कमी होईल. मोठं यश आलं की पुढचे पंधरा दिवस जास्त सांभाळा, त्या काळात राजीनामा, ब्रेकअप, उसने पैसे, मोठं भांडण, यातला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि हे एका विश्वासाच्या माणसाला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो टोकेल.

आईबाबांना समोर बसवून जाब विचारायची गरज नसते, बऱ्याचदा त्याने फक्त नवीन जखमा होतात. घरी मदत करायची ती जरूर करा, पण आकडा आणि तारीख ठरवून करा, दर महिन्याला एवढे, बस. अपराधीपणातून दिलेल्या पैशाला तळ नसतो आणि देणाराही शेवटी घेणाऱ्यावर चिडायला लागतो.

आणि झोप उडाली असेल, कामावर जाणं जमत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आजच फोन करा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतेय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात पण दाखवता येतं. पहिल्या भेटीत काय बोलायचं सुचत नसेल तर ते आरोपाचं एक वाक्य आणि वहीतल्या दोन नोंदी घेऊन जा आणि समोर ठेवा. पहिल्याच समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.