वय झालं म्हणून नोकरी जातेय? या चुका टाळा

पन्नाशीतला माणूस नोकरी गेल्यावर सल्ल्याला येतो, तेव्हा बहुतेक वेळा निम्मी केस त्याने स्वतःच्याच सहीने बुडवलेली असते.

भोसरीच्या एका कारखान्यातले मशीन ऑपरेटर. एचआरने केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, "काका, आता पोरांना संधी देऊ या" म्हणत राजीनामा पुढे सरकवला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ आधीच टाइप केलेलं. काकांनी सही ठोकली. पुढे कामगार आयुक्तांकडे कंपनीने तेवढा एकच कागद काढला. बळजबरी झाली हे शाबित करणं आता काकांच्या गळ्यात! कंपनीने रीतसर कामगार कपात केली असती, तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागला असता, ग्रॅच्युइटी वेगळी. शिवाय ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ हे तत्त्व आहे; त्याच कामावरची नवी पोरं ठेवून जुन्याला काढायचं तर कारणं नोंदवावी लागतात.

म्हणून केबिनमध्ये पेन हातात घेऊच नका. "घरी विचारून सांगतो" म्हणायचं, बाहेर येऊन एचआरलाच ईमेल टाकायचा: आज माझ्याकडे राजीनामा मागितला, मी दिलेला नाही. सही झालीच असेल तर तो मंजूर होण्याआधी, त्याच दिवशी, लेखी मागे घ्या. "राजीनाम्यावर दोन महिन्यांचा पगार तरी मिळतोय" म्हणणाऱ्या घाईवाल्यांपुढे मी हात टेकलेत.

तक्रारीवर ‘वयावरून भेदभाव’ एवढाच मथळा नको. अमेरिकेत चाळिशी गाठलेल्यांसाठी १९६७चा कायदा आहे, तिकडचा भाचा तो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा वेगळा कायदा नाही. घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं, त्यातही वयाचा उल्लेख नाही. भांडायचं ते बेकायदा कपातीवर.

कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय, म्हणजे कायद्याने आपण ‘कामगार’ नाही, असं समजून हक्क सोडू नका. प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं.

आणि हे १ जून जन्मतारीखवाले! शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख जन्मभर चालते, ३१ मेची निवृत्ती समोर दिसली की आजीची पत्रिका सापडते. राज्य सरकारी नोकरीत दुरुस्तीचा अर्ज रुजू झाल्यापासून ५ वर्षांत करायचा असतो. सेवेच्या अखेरीस अशी मागणी ऐकायला सर्वोच्च न्यायालयही सहसा तयार नसतं. तरुणपणीच सेवापुस्तक उघडून बघा, झेरॉक्स घरी ठेवा.